ओकच्या गाठी: साडेतीनशे वर्षांचा प्रश्न कुठवर आला?

काष्ठौषधींच्या दुकानात बाळगुटीचे सामान मागितले, की वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ यांच्याबरोबर बोराएवढी एक टणक, खडबडीत, करडी गोळी पुडीत पडते. ते मायफळ. सहाणेवर त्याचे दोन वळसे उगाळणाऱ्या बहुतेक घरांना हे ठाऊक नसते, की ते कुठल्याही फुलापासून धरलेले नाही. नीट पाहिले तर काही मायफळांना टाचणीच्या डोक्याएवढे एक गोल भोक दिसते. आत वाढलेली एक छोटी गांधीलमाशी त्या वाटेने बाहेर पडलेली असते. इराण, इराक, सीरिया, तुर्कस्तान या पट्ट्यातल्या डोंगरांवर 'क्वेर्कस इन्फेक्टोरिया' नावाचा ओक वाढतो. त्याच्या डोळ्यात ही माशी अंडे घालते आणि झाड त्या अंड्याभोवती ही गाठ उभारते.

मायफळ हे अशा गाठींचे एक उदाहरण झाले. ओकवर गाठी करणाऱ्या गांधीलमाश्यांच्या सुमारे एक हजार जातींची नोंद आजवर झाली आहे. त्या सायनिपिडी कुळातल्या. माशी दोन ते पाच मिलिमीटरची, डंख न मारणारी, पाहताक्षणी मुंगी वाटावी अशी. सोयीसाठी तिला या लेखात गाठमाशी म्हणू. प्रत्येक जातीची गाठ वेगळी: कुणाची गोटीसारखी गुळगुळीत, कुणाची काटेरी, कुणाची लोकरीने मढलेली, कुणाची पानाच्या पाठीवर शिवलेल्या बटणासारखी. कॅलिफोर्नियातल्या 'न्यूरोटेरस सॉल्टेटोरियस' या जातीची गाठ तर जेमतेम मिलिमीटरभर असते आणि पानावरून गळून पडल्यावर आतल्या अळीच्या हालचालीने जमिनीवर उड्या मारते. एकाच ओकवर, कधी एकाच पानावर, तीन-चार जातींच्या गाठी शेजारी शेजारी असतात आणि ओळखण्यात चूक होत नाही.

झाडाने दुसऱ्याच्या अळीसाठी इतके नेमके घर का आणि कसे बांधावे, हा प्रश्न जुना आहे. त्याच्या काही भागांची उत्तरे मिळाली आहेत, काही भागांवर मतभेद आहेत, आणि एक भाग अलीकडेच हाताशी येऊ लागला आहे.

आधी शाई, मग शास्त्र

गाठींचा अभ्यास होण्याच्या कितीतरी आधी त्यांचा व्यापार होत होता. अलेप्पोच्या बाजारातून जाणाऱ्या या गाठींच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग टॅनिनचा असतो. त्यांचा अर्क, हिराकस आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक एकत्र केले की काळी, न पुसली जाणारी शाई होते. चौथ्या शतकातले 'कोडेक्स सिनाइटिकस' हे बायबलचे हस्तलिखित अशाच शाईने लिहिलेले आहे. युरोपातले पुढच्या हजाराहून अधिक वर्षांचे दस्तऐवज, संगीतलेखन, करारमदार याच शाईतले. ही शाई आम्लधर्मी असल्याने काही ठिकाणी तिने कागदच खाल्ला आहे, आणि जुन्या ग्रंथालयांना आज त्याची चिंता आहे.

ज्या वस्तूवर इतका व्यवहार चालला होता, तिच्यातला किडा येतो कुठून, हे मात्र सतराव्या शतकापर्यंत कुणी पाहिले नव्हते. इटलीच्या फ्रांचेस्को रेदीने १६६८ मध्ये सडक्या मांसात किडे आपोआप होत नाहीत, माश्यांच्या अंड्यांतून होतात, हे प्रयोगाने दाखवले. पण गाठींपाशी हाच माणूस अडखळला. गाठीतला किडा झाडाच्याच चैतन्यातून निपजतो, असे त्याचे मत होते. त्याच देशातल्या मार्चेल्लो माल्पिगीने १६७९ मध्ये आपल्या वनस्पतिशरीरशास्त्राच्या दुसऱ्या भागात गाठींवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. माशी ओकच्या डोळ्यात नळी खुपसून अंडी घालताना त्याने प्रत्यक्ष पाहिली होती. अंड्याबरोबर ती एखादा द्रव सोडत असावी आणि त्याने झाडाचा रस नासून गाठ येत असावी, असा त्याचा तर्क होता. 'कोण करते' या प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळाले. 'कसे'चा त्याचा तर्क पुढची दोनशे वर्षे फारसा कुणी हलवला नाही. डार्विननेही गाठींचा उल्लेख केला तो विषाच्या एका सूक्ष्म थेंबाने होणारी विलक्षण वाढ म्हणूनच.

डार्विनच्या सिद्धांताला गाठींनी पुढे एक अडचण घातली. एखाद्या सजीवाचा अवयव केवळ दुसऱ्या सजीवाच्या भल्यासाठी घडला आहे असे दाखवता आले तर आपला सिद्धांत कोसळेल, असे डार्विनने स्वतःच लिहून ठेवले होते. त्याचे टीकाकार सेंट जॉर्ज मिव्हार्ट यांनी हाच धागा उचलला, आणि १८८९-९० मध्ये 'नेचर' साप्ताहिकाच्या पानांवर गाठींवरून वाद रंगला. झाडाला गाठीचा उपयोग शून्य, मग नैसर्गिक निवडीने ती घडलीच कशी? याला मिळालेले उत्तर आजही मान्य आहे. निवड झाडावर होत नाही, माशीवर होते. चांगली गाठ घडवून घेणाऱ्या माशीची पिल्ले जगतात, आणि गाठ सुधारत जाते. रिचर्ड डॉकिन्सने १९८२ मध्ये 'विस्तारित लक्षणसंच' ही कल्पना मांडली. गाठी तिचे ठळक उदाहरण ठरल्या: ऊती झाडाच्या, आराखडा कीटकाच्या जनुकांचा.

एका माशीची दोन घरे

माल्पिगीनंतरचा सर्वांत मोठा शोध लागला तो एका वैद्याला. पण त्याआधी एक कोडे होते. जर्मनीच्या टेओडोर हार्टिगने १८४० च्या सुमारास काही जातींच्या हजारो गाठी जमवून माश्या बाहेर काढल्या. सगळ्या माद्या, नर एकही नाही. अमेरिकेत होमर बॅसेटने १८७३ मध्ये शंका घेतली, की या जातींत दोन वेगवेगळ्या पिढ्या असाव्यात. श्लेस्विगच्या हर्मान आडलर या वैद्याने कुंडीतल्या ओकच्या रोपांवर माश्या सोडून, एकेकीवर नजर ठेवून, १८८१ मध्ये ते सिद्ध केले.

नेहमीच्या ओकवरची 'बायोरायझा पॅलिडा' ही जात घेऊ. जमिनीखाली मुळांवरच्या गाठींतून ऐन हिवाळ्यात पंख नसलेल्या माद्या बाहेर पडतात. खोडावरून चढत त्या फांद्यांच्या डोळ्यांपर्यंत जातात आणि नराशिवायच अंडी घालतात. वसंतात तिथे सफरचंदासारखी, गुलाबी झाक असलेली मऊ गाठ फुगते. तिच्यातून उन्हाळ्यात नर आणि माद्या दोन्ही निघतात, त्यांचे मीलन होते, आणि या माद्या पुन्हा जमिनीत शिरून मुळांवर अंडी घालतात. तिथे येणाऱ्या गाठी लहान, कठीण, तपकिरी असतात. एका पिढीची गाठ डोळ्यात, दुसरीची मुळात. एकीची मोठी आणि मऊ, दुसरीची बारीक आणि टणक. आडलरच्या आधी अशा दोन पिढ्यांना शास्त्रज्ञांनी दोन जातीच काय, दोन वेगळ्या वंशांची नावे दिलेली होती.

माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. दोन्ही पिढ्यांचा जनुकसंच एकच. तरी गाठी दोन, अगदी निराळ्या. गाठ कशी घडते याचे कोणतेही स्पष्टीकरण या ठिकाणी टिकले पाहिजे. पुढच्या प्रत्येक मताकडे पाहताना हीच कसोटी मी हाताशी ठेवली आहे.

लिंगाचा हिशेबही सरळ नाही. लिओनार्ड डॉन्कास्टरने १९१० च्या दशकात 'न्यूरोटेरस' वंशातल्या एका जातीवर दाखवले, की अनिषेकजननाने, म्हणजे नराशिवाय, अंडी घालणाऱ्या माद्यांपैकी एखादी फक्त नरांना जन्म देते, दुसरी फक्त माद्यांना. फ्रान्सच्या रेमों फोलियो यांना पुढे 'बायोरायझा'मध्ये दोन्ही प्रकारची संतती देणाऱ्या माद्याही सापडल्या. काही जातींनी नरांची पिढी टाकूनच दिली आहे. गुलाबावर गाठी करणाऱ्या काही जातींत नर नाहीसे होण्याला 'वोलबॅकिया' हा जिवाणू कारणीभूत असल्याचे दिसले. ओकच्या गाठमाश्यांमध्येही तो सापडतो, पण विखुरलेला, आणि पिढ्यांच्या आलटण्याशी त्याचा मेळ बसत नाही. हे आलटणे एकदाच सुरू झाले की अनेकदा, यावर अजून एकमत नाही.

गाठ कशासाठी?

या प्रश्नावरची चर्चा १९८७ मध्ये पीटर प्राइस, जेराल्दो फर्नांडिस आणि ग्वेन वॉरिंग यांच्या लेखाने नीट मांडून दिली. त्यांनी तीन शक्यता वेगळ्या केल्या, आणि तेव्हापासून वाद त्याच चौकटीत चालला आहे.

पहिली शक्यता अन्नाची. गाठीच्या मध्यभागी अळीची खोली असते आणि तिच्या भिंतीला पोषक ऊतींचे अस्तर. त्या पेशी मोठ्या, प्रथिने आणि मेदाने भरलेल्या, आणि त्यांतली जनुकद्रव्याची प्रतही अनेक पटींनी वाढलेली. अळी हे अस्तर खाते, ते पुन्हा भरून येते. तिची विष्ठा कोषात जाण्याच्या वेळेपर्यंत बाहेर पडत नाही, म्हणून खोली स्वच्छ राहते. टॅनिन बाहेरच्या थरात, आतल्या अस्तरात ते जवळजवळ नाही. अन्नाच्या बाजूने हा पुरावा चांगला भक्कम आहे. पण गाठीतला नायट्रोजन शेजारच्या पानापेक्षा जास्त असतोच असे मोजमापात दिसत नाही. शिवाय अन्नासाठी आतले अस्तर पुरेसे होते. बाहेरचे काटे, लोकर, चिकट स्राव यांचा अन्नाशी काही संबंध नाही.

दुसरी शक्यता आसऱ्याची: ऊन, कोरडेपणा, थंडी यांपासून. उष्ण आणि कोरड्या, जाड पानांच्या झाडोऱ्यात गाठी करणाऱ्या कीटकांच्या जाती जास्त, असे फर्नांडिस आणि प्राइस यांच्या पाहणीत आले. गाठीच्या आत ओल टिकते, हे खरेच आहे. मात्र या कल्पनेलाही बाहेरच्या नक्षीचे कारण देता येत नाही. एकाच पानावर, एकाच हवेत, पाच जातींना पाच तऱ्हांच्या छत्र्या कशाला लागाव्यात?

तिसरी शक्यता शत्रूंची, आणि वादाचा बहुतेक भाग हिच्यावर आहे. गाठमाशीचे मुख्य शत्रू म्हणजे दुसऱ्या, आणखी लहान परजीवी गांधीलमाश्या. त्या गाठीत नळी खुपसून आतल्या अळीवर अंडे घालतात. भिंत जाड असली, काटे असले, चिकटपणा असला, तर नळी पोचत नाही, हे समजायला सोपे आहे. ग्रॅहम स्टोन आणि जेम्स कुक यांनी १९९८ मध्ये गाठमाश्यांच्या वंशवृक्षावर गाठींची लक्षणे मांडून पाहिली. काटे, चिकटपणा, मुंग्यांना खेचणारा गोड रस ही बाह्य लक्षणे वेगवेगळ्या शाखांत पुन्हा पुन्हा, स्वतंत्रपणे आलेली दिसली. गोड रस पाझरणाऱ्या गाठींभोवती मुंग्या राखण करतात आणि परजीवींना हुसकून लावतात. पुढे २००९ मध्ये रिचर्ड बेली आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की कुठल्या गाठीत कुठले परजीवी येतील, हे बऱ्याच अंशी गाठीच्या बाह्य लक्षणांवर ठरते.

विरोधी बाजूचा आक्षेपही वजनदार आहे. गाठीत राहणाऱ्या कीटकांवर परजीवी कमी नसतात. उघड्यावर पाने खाणाऱ्या अळ्यांच्या तुलनेत अनेकदा जास्तच असतात. मग संरक्षण कसले? शत्रूंच्या कल्पनेच्या समर्थकांचे उत्तर असे, की ही शर्यत आहे. आज दिसतात ते परजीवी आजची भिंत भेदू शकणारे. कालच्या भिंतीने अडवलेले मोजायला आज उरलेले नाहीत. हे उत्तर तर्काला धरून आहे, पण त्याची थेट चाचणी अवघड आहे. सर्वांत स्वच्छ पुरावा गाठमाशीचा नाहीच, अमेरिकेतल्या गोल्डनरॉड झुडपावरच्या एका माशीचा आहे. आर्थर वाइस आणि वॉरन अब्राहमसन यांना आढळले, की तिच्या लहान गाठींत परजीवी शिरतात आणि मोठ्या गाठी पक्षी फोडतात, म्हणून मधल्या आकाराला फायदा मिळतो. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: गाठीचा आकार माशीच्या जनुकांवर ठरतो आणि झुडपाच्याही. आराखडा एकट्या कीटकाचा, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

अलीकडे या तिघांत न बसणारे एक प्रकरण आले. अमेरिकेत एका शाळकरी मुलाने मुंग्या वारुळात गाठी नेत असल्याचे पाहिले. त्याचे वडील या माश्यांचेच अभ्यासक. त्यातून २०२२ मध्ये रॉबर्ट वॉरेन यांच्या गटाने लेख लिहिला, की काही ओकगाठींना एक खाण्याजोगी टोपी असते आणि तिच्यातली मेदाम्ले मुंग्यांना आवडणाऱ्या बियांच्या टोकासारखीच असतात. मुंग्या टोपी खातात, गाठ वारुळात सुरक्षित राहते. गाठींच्या अभ्यासाला जवळपास साडेतीनशे वर्षे उलटल्यावर हे दिसावे, यावरून अजून किती नुसते पाहायचे राहिले आहे याचा अंदाज यावा.

एकूण पाहता, आतल्या थराला अन्नाचे आणि बाहेरच्या थराला शत्रूंचे कारण लावणे सध्याच्या पुराव्याला सर्वांत जवळचे वाटते. आसऱ्याची कल्पना कोरड्या प्रदेशांपुरती खरी असावी. पण दोन पिढ्यांची कसोटी लावली, की यातले कुठलेच मत पूर्ण उत्तर देत नाही. मुळावरच्या आणि डोळ्यातल्या गाठीचे शत्रू वेगळे, हवा वेगळी, म्हणून गाठ वेगळी, इतके म्हणता येते. एकाच जनुकसंचातून दोन आराखडे निघतात कसे, हे त्याने कळत नाही.

गाठ कशी घडते?

माल्पिगीचा द्रवाचा तर्क निम्मा खरा होता. स्राव आहेच. प्रश्न आहे तो आईचा की अळीचा. काही इतर कीटकांत आईने अंड्याबरोबर सोडलेला द्रव गाठ सुरू करायला पुरतो. ओकच्या गाठमाश्यांत मात्र अळी मेली की गाठीची वाढ थांबते. त्यामुळे सूत्रे अळीकडे आहेत, यावर बहुतेकांचे एकमत आहे. सुरुवातीच्या काही दिवसांत आईच्या द्रवाचाही वाटा असावा, असे काहींना वाटते.

त्या स्रावात काय आहे? ऑक्सिन आणि सायटोकायनिन ही वनस्पतींची वाढद्रव्ये गाठी करणारे काही कीटक स्वतः बनवू शकतात, हे सिद्ध झाले आहे. त्यांनी पेशी वाढतील, गाठ फुगेल. पण काटे कुठे, लोकर कुठे, खोली कुठे, इतका तपशील वाढद्रव्याच्या मात्रेने ठरणे अशक्य वाटते. हॉवर्ड कॉर्नेल यांनी १९८३ मध्ये माशीबरोबर एखादा विषाणू जात असावा, अशी कल्पना मांडली होती. ती आकर्षक आहे, पण तिला ठोस आधार मिळालेला नाही.

गेल्या काही वर्षांत जनुकांचे वाचन स्वस्त झाले आणि हा विभाग जागा झाला. २०१९ मध्ये दोन लेख आले. जॅक हर्न आणि सहकाऱ्यांनी 'बायोरायझा'च्या कोवळ्या गाठींत ओकची कुठली जनुके चालू होतात ते पाहिले. शेंगावर्गीय झाडांच्या मुळांवर जिवाणूंमुळे गाठी येतात, तिथे दिसणाऱ्या प्रथिनांशी नाते सांगणारी काही प्रथिने त्यांना इथेही आढळली. सेबास्तियां कँबिये यांच्या गटाने माशीच्या बाजूने शोध घेतला आणि पेशीभित्ती विरघळवणाऱ्या विकरांसकट अनेक संशयित स्राव नोंदवले. २०२२ मध्ये दुसऱ्या एका ओकगाठीवर एलेन मार्टिन्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की गाठीचे आतले आणि बाहेरचे थर जनुकांच्या पातळीवर एकमेकांपासून फार वेगळे वागतात. माशी ओकचीच जुनी जनुके नव्या जोडणीत वापरून घेते, असा त्यांचा निष्कर्ष.

मुळांवरच्या गाठींशी असलेले हे साम्य कितपत खोल आहे, यावर मतभेद आहेत. एक बाजू म्हणते, झाडात आधीपासून असलेली एक यंत्रणाच माशीने बळकावली आहे. दुसरी म्हणते, ताण आला की झाड अशी प्रथिने बनवतेच, त्यावरून यंत्रणा एक असल्याचे ठरत नाही. सध्याच्या आकड्यांवर दुसऱ्या बाजूचा सावधपणा मला रास्त वाटतो.

थेट जनुकापर्यंत पोचलेले काम गाठमाशीवर नव्हे, माव्यावर झाले. अमेरिकेच्या जनेलिया संशोधन संस्थेत ऐश्वर्या कोरगावकर, डेव्हिड स्टर्न आणि सहकाऱ्यांनी विच-हेझल झुडपावर गाठी करणाऱ्या माव्यात प्रथिनांचे एक अनोळखी घराणे शोधले. मावा ती प्रथिने झाडात सोडतो. त्यांपैकी एका जनुकातल्या फरकाने गाठ लाल होते की हिरवी राहते हे ठरते, असे २०२१ मध्ये त्यांनी दाखवले. कीटकाचे एक जनुक आणि गाठीचे एक लक्षण यांची अशी गाठ घालता येते, हे त्यातून स्पष्ट झाले. ओकच्या माश्यांत असे काम अवघड आहे. अंडे डोळ्याच्या किंवा सालीच्या आत खोल टोचलेले असते, एका पिढीची संधी वर्षातून एकदा येते, आणि झाड वाढायला वर्षे लागतात. तरीही दोन पिढ्यांच्या अळ्यांचे स्राव शेजारी ठेवून तपासणे आता आवाक्यात आहे. माझ्या लेखी या विषयातला सर्वांत मोलाचा प्रयोग तोच ठरेल.

जाती आणि किन्से

गाठमाश्यांच्या जाती मोजण्यात सर्वाधिक आयुष्य घालवणारा माणूस दुसऱ्याच कारणाने जगाला माहीत आहे. आल्फ्रेड किन्से. मानवी लैंगिक वर्तनावरचा त्याचा पहिला अहवाल १९४८ चा. त्याआधीची जवळपास वीस वर्षे इंडियाना विद्यापीठातला हा प्राध्यापक अमेरिका आणि मेक्सिकोतल्या ओकांवरून गाठी खुडत फिरला. 'सिनिप्स' वंशावरचे त्याचे ग्रंथ १९३० आणि १९३६ मधले. त्याचा ५० लाखांहून अधिक नमुन्यांचा संग्रह न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत आहे. प्रत्येक व्यक्तिमात्र दुसऱ्याहून निराळा असतो आणि तो फरक मोजल्याशिवाय जात कळत नाही, हा त्याचा आग्रह पुढच्या अहवालांतही दिसतो. त्याने पाडलेल्या जाती फार बारीक आहेत, अशी तक्रार तेव्हापासून आहे. नमुन्यांच्या मोलाबद्दल मात्र कुणाची तक्रार नाही.

वर्गीकरणाचे काम आजही अर्धवट आहे. पुष्कळ जातींची एकच पिढी माहीत आहे, दुसरी भलत्याच नावाने कुठेतरी नोंदलेली असण्याची शक्यता मोठी. डीएनए जुळवून अशा जोड्या एकेक करून लागत आहेत. मोठ्या वंशवृक्षाचीही उलथापालथ झाली: गुलाबावरच्या गाठमाश्या आता वेगळ्या कुळात गेल्या. दुसऱ्याच्या गाठीत अंडी घालणाऱ्या 'सिनर्गस' वंशाच्या माश्या, कावळ्याच्या घरट्यातल्या कोकिळेसारख्या, गाठ करण्याची कला विसरलेल्या गाठमाश्याच आहेत, असे फ्रेड्रिक रोनक्विस्ट यांनी १९९० च्या दशकात मांडले. मग जपानमध्ये याच वंशातली एक जात ओकच्या बीमध्ये स्वतः गाठ करते, असे आढळले. ही कला एकदा येऊन अनेकदा गेली, की अनेकदा नव्याने आली, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा उघडा झाला.

माणसाने हलवलेल्या गाठी

बहुतेक गाठी ओकला मारत नाहीत. अडचण होते ती झाडे आणि माश्या माणसाने नव्या जागी नेल्यावर. १८३० च्या सुमारास शाई आणि रंगासाठी गोटीगाठीची जात इंग्लंडमध्ये डेव्हनला आणली गेली. त्या गाठींत टॅनिन अलेप्पोच्या मानाने खूपच कमी निघाले, व्यापार झाला नाही, माशी मात्र देशभर पसरली. 'नॉपर' गाठीची गोष्ट अधिक शिकवणारी आहे. या माशीची एक पिढी साध्या ओकच्या बीवर आणि दुसरी तुर्की ओकच्या लोंबत्या फुलोऱ्यावर वाढते. तुर्की ओक मूळचा दक्षिण युरोपातला. अठराव्या शतकात तो बागांसाठी ब्रिटनमध्ये आला, आणि दोन्ही यजमान एकत्र मिळाल्यावर १९६० च्या दशकापासून माशी तिथे बस्तान बसवू लागली. मूळ प्रदेशापासून जसजसे दूर जावे तसतसे तिचे जनुकीय वैविध्य घटत गेल्याचे स्टोन आणि पॉल सनक्स यांनी १९९३ मध्ये दाखवले. बी नासते हे खरे, पण त्याने ओकच्या पुढच्या पिढीला किती फटका बसतो, यावर दोन मते आहेत.

आर्थिक नुकसान करणारी नातलग माशी चेस्टनटवरची. चीनमधून ती जपानला १९४१ मध्ये, अमेरिकेत १९७४ मध्ये आणि इटलीत २००२ मध्ये पोचली. तिच्यात नर नाहीत, एक मादी पुरते. चीनमधूनच आणलेली 'टोरिमस सायनेन्सिस' ही परजीवी गांधीलमाशी जपानमध्ये आणि २००५ पासून इटलीत सोडली गेली आणि चेस्टनटची बागायत सावरली. जैविक नियंत्रणाचा हा मोठा यशाचा दाखला मानला जातो. पण हीच परजीवी इटलीत स्थानिक ओकगाठींतूनही निघू लागली आहे. यश मोठे की धोका मोठा, याचा हिशेब अजून मांडला जात आहे.

आपल्याकडे

महाराष्ट्रात रानटी ओक नाहीत. आपल्याकडच्या गाठी दुसऱ्यांच्या: पूर्व विदर्भात आणि कोकणात भाताच्या रोपाचा चंदेरी पोंगा करणारी गादमाशी, करंजाच्या पानांवर पुटकुळ्या आणणारे कोळीवर्गीय जीव, सातवणाच्या पानांवर गाठी करणारा तुडतुड्यांच्या जवळचा एक कीटक. हे सगळे जीव स्वतंत्रपणे त्याच कलेला पोचले. भारतीय गाठींचे मोठे संकलन एम. एस. मणी यांनी केले. त्यांचा 'इकॉलॉजी ऑफ प्लांट गॉल्स' १९६४ चा आणि भारतातल्या गाठींवरचा ग्रंथ १९७३ चा. चेन्नईत टी. एन. अनंतकृष्णन यांनी ही परंपरा पुढे नेली.

भारतातले खरे ओकवन हिमालयात आहे: बांज, मोरू, खरसू. तिथल्या गाठमाश्यांवरचे काम युरोप आणि अमेरिकेच्या तुलनेत फार तुटपुंजे आहे, आणि दोन पिढ्यांची जोडी लावण्याचे काम तर सर्वांत मागे. उत्तराखंड-हिमाचलात दरवर्षी ट्रेकला जाणाऱ्या मराठी मंडळींची संख्या मोठी आहे. त्यांच्यासाठी एक विनंती: बांजच्या पानाची पाठ, डोळे आणि फुलोरे उलटून पाहा. गाठ दिसली तर तोडू नका, फोटो घ्या, आणि तो आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी टाकताना चार गोष्टी जरूर लिहा: ओकची जात, झाडाचा अवयव, तारीख आणि जागा. त्याच झाडाकडे दुसऱ्या ऋतूत पुन्हा जाता आले, तर दोन्ही नोंदी जोडून ठेवा.